समुद्राच्या अंदाजाचं काम शिकायचंय? बडोद्यातून सुरुवात अशी करा

बडोद्यात कुणाला सांगितलं की मी समुद्राच्या अंदाजावर काम करते, की पुढचा प्रश्न ठरलेला: "इथे कुठे आलाय समुद्र?" विचारणाऱ्याचं चूक नाही. पण द्वारकेकडचं समुद्रकाठचं ओखामंडळ बडोदे संस्थानात होतं आणि तिथल्या सागरी जीवांची पाहणी संस्थानानं जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करवून घेतली होती. तो अहवाल दोन भागांत निघाला, १९०९ आणि १९१६ साली. आज तर ओख्यापर्यंत जायचीही गरज नाही. दांडिया बाजारातल्या घरात बसून बंगालच्या उपसागराचं दोन हजार मीटर खोलीपर्यंतचं तापमान फुकट उतरवून घेता येतं.

मॉडेल आणि निरीक्षणं यांची सांगड घालून समुद्राचा अंदाज सुधारायचा, याला डेटा असिमिलेशन म्हणतात. ते शिकू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बी.एस्सी.ला गणित, भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्र असेल, किंवा कलाभवनात इंजिनिअरिंग चालू असेल, तर पाया पुरेसा आहे. या विषयावर वाचायला भरपूर मिळतं. पण बहुतेक ठिकाणी पहिल्या पानापासून मॅट्रिक्सची रास असते आणि निरीक्षणांबद्दल जेमतेम दोन ओळी. माझ्या मते हे प्रमाण उलटं हवं. म्हणून पाचव्या पायरीवर मी रेंगाळणार आहे आणि मोठं मॉडेल चालवण्याबद्दल थोडक्यात आटपणार आहे.

१. आधी काय करायचंय ते समजून घ्या

मुंबईला निघालेल्या पाहुण्यांची गाडी आत्ता कुठे असेल, हे दोन प्रकारे कळतं. एक वेळापत्रकावरून. दुसरं म्हणजे गाडीतून फोन येतो, "भरूचचा पूल आत्ताच ओलांडला." वेळापत्रक प्रत्येक मिनिटाला उत्तर देतं, पण गाडी उशिरा सुटली असेल तर ते उत्तर चुकीचं. फोन खरा, पण तो अधूनमधूनच येणार. शहाणा माणूस फोन आला की आपला हिशेब सुधारतो आणि पुढचं सुरत केव्हा येईल ते पुन्हा वेळापत्रकावरूनच काढतो.

समुद्राचं मॉडेल म्हणजे हे वेळापत्रक. रोम्स, नेमो, मॉम, हायकॉम ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं. पाण्याची गती, तापमान आणि क्षारता यांची समीकरणं ते चौकटीचौकटीवर सोडवतं. वारा आणि उष्णता हवामानाच्या मॉडेलकडून घेतं. वारा थोडा चुकला, सुरुवातीची स्थिती चुकली किंवा चौकट मोठी पडली, की चूक साठत जाते. निरीक्षणं ही चूक दाखवतात, पण ती विरळ असतात. म्हणून चक्र चालतं: अंदाज, निरीक्षणाशी तुलना, दुरुस्ती, पुन्हा अंदाज. दुरुस्तीआधीच्या स्थितीला बॅकग्राउंड म्हणतात, नंतरच्या स्थितीला ॲनालिसिस, आणि निरीक्षण व बॅकग्राउंड यांच्यातल्या फरकाला इनोव्हेशन. एवढे तीन शब्द पक्के असले की कुठलाही शोधनिबंध उघडायला हरकत नाही.

२. सामान जमवा

- आठ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो, सोळा असेल तर उत्तम. डिस्कवर शंभरेक जीबी जागा मोकळी ठेवा.
- लिनक्स, किंवा विंडोजच्या आत लिनक्स. पुढे लागणारी बहुतेक साधनं तिथेच नीट चालतात.
- पायथन, आणि त्यात नमपाय, एक्सअरे, मॅटप्लॉटलिब व समुद्राच्या पाण्याचे गुणधर्म काढणारी जीएसडब्ल्यू ही लायब्ररी.
- युरोपच्या कोपर्निकस मरीन सेवेवर मोफत खातं.
- आर्गोच्या, म्हणजे समुद्रात आपोआप बुडून वर येणाऱ्या मोजमाप-तरंगकांच्या, माहितीसाठी फ्रान्समधल्या ब्रेस्टचं किंवा अमेरिकेतल्या माँटेरेचं केंद्र. दोन्हीकडे तीच माहिती असते आणि खातंही लागत नाही.
- एक वही. खरंच लागते. कोणती फाइल कधी उतरवली आणि कोणती निरीक्षणं गाळली हे लिहून ठेवलं नाही, तर दोन महिन्यांनी स्वतःचाच आलेख ओळखू येत नाही.

उतरवताना अख्ख्या जगाची फाइल मागू नका. हवा तो अक्षांश-रेखांशाचा चौकोन, खोलीच्या हव्या त्या पातळ्या आणि हव्या त्या तारखा एवढंच कापून मागता येतं. इंटरनेटचा वेग कमी आहे अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी ही सोय पाहिलेलीच नसते.

३. एक गणित हाताने करा

संगणक बंद ठेवा. एका ठिकाणी मॉडेल म्हणतं, पृष्ठभागाचं तापमान २८.४ अंश. निरीक्षण म्हणतं २९.२. मॉडेलची नेहमीची चूक ०.८ अंश आणि निरीक्षणाची ०.४ अंश धरा. चुकांचे वर्ग झाले ०.६४ आणि ०.१६.

निरीक्षणाला किती वजन द्यायचं? मॉडेलच्या चुकीचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज: ०.६४ भागिले ०.८०, म्हणजे ०.८. इनोव्हेशनही योगायोगानं ०.८ अंश आहे. त्याला वजनानं गुणलं की दुरुस्ती ०.६४, आणि ॲनालिसिस २९.०४ अंश. आता ॲनालिसिसची चूक काढा: ०.६४ चा उरलेला पाचवा भाग, म्हणजे ०.१२८, त्याचं वर्गमूळ साधारण ०.३६. मॉडेलची चूक ०.८ आणि निरीक्षणाची ०.४ होती. दोघांपेक्षा कमी चुकीचं उत्तर मिळालं.

आता खरी गंमत. त्याच ठिकाणी पन्नास मीटर खाली कुणीच काही मोजलेलं नाही. पण वरची चूक आणि खालची चूक एकमेकींबरोबर हलतात, आणि त्यांचा कोव्हेरिअन्स, म्हणजे एकत्र हलण्याचं माप, समजा ०.४० आहे. तर खालच्या पाण्यासाठी वजन ०.४० भागिले ०.८०, म्हणजे ०.५, तिथे दुरुस्ती ०.४ अंशाची. एकही माप न घेता खालचं पाणी सुधारलं. उपग्रहाला फक्त वरची त्वचा दिसते आणि वादळाला बळ देणारी उष्णता त्या त्वचेखाली साठलेली असते, हे लक्षात घेतलं की या ०.४० ची किंमत कळते. कालमन यांनी १९६० साली मांडलेल्या फिल्टरचा, म्हणजे अशी वजनं देऊन दुरुस्ती करण्याच्या रीतीचा, गाभा एवढाच आहे. पुढचं सगळं मोठ्या आकड्यांसाठी केलेली सोय.

४. खेळण्यातल्या मॉडेलवर हात बसवा

लोरेन्झ यांचं १९६३ चं तीन चलांचं मॉडेल घ्या. त्यातले स्थिरांक १०, २८ आणि ८/३ ठेवा. मॉडेल एकदा चालवा आणि ती धाव 'सत्य' म्हणून जपून ठेवा. त्या सत्यावर थोडा गोंधळ मिसळून खोटी निरीक्षणं तयार करा. मग चुकीच्या सुरुवातीपासून दुसरी धाव सोडा आणि ती निरीक्षणांच्या मदतीनं सत्याजवळ येते का बघा. याला जुळा प्रयोग म्हणतात. सत्य तुमच्या खिशात असल्यामुळे इथे फसवणूक लपत नाही.

इथेच एन्सेम्बल शिकून घ्या. एव्हेन्सेन यांनी १९९४ साली सुचवलेली ही युक्ती. एकाऐवजी वीस, पन्नास, शंभर धावा जराजराशा वेगळ्या सुरुवातींपासून सोडायच्या आणि त्यांच्या फैलावावरून मॉडेलची चूक आणि कोव्हेरिअन्स मोजायचा. लिहायला सोपं आहे. पायथनमध्ये दोन पानांत मावतं. जमलं की डॅपर हे पायथनचं पॅकेज किंवा डार्ट ही अमेरिकेतली प्रणाली उघडा. दोन्हींत लोरेन्झची मॉडेलं तयार आहेत, आणि डार्टबरोबर येणारा पाठ सावकाश करण्यासारखा आहे.

दोन खड्डे याच पायरीवर बघून ठेवा:

*फैलाव आटणे.* प्रत्येक दुरुस्तीनंतर सगळ्या धावा एकमेकींजवळ येतात. काही चक्रांनी त्यांना वाटू लागतं की आपण कधी चुकतच नाही, आणि नवं निरीक्षण कितीही ओरडलं तरी त्याला वजन मिळत नाही. उपाय म्हणून दर चक्राला फैलाव काही टक्क्यांनी मुद्दाम फुगवतात.

*खोटी नाती.* वीस धावांवरून मोजलं तर ओमानच्या किनाऱ्याजवळचं तापमान आणि अंदमानजवळची क्षारता यांच्यात काहीतरी नातं निघतंच. ते निव्वळ नशिबाचं असतं. म्हणून ठरावीक अंतरापलीकडची नाती कापून टाकतात. त्याला लोकलायझेशन म्हणतात. हे लोरेन्झच्या तीन चलांत दिसणार नाही, त्यांच्याच चाळीस चलांच्या मॉडेलवर दिसेल.

५. निरीक्षणांची ओळख करून घ्या

इथे घाई करू नका. असिमिलेशन बिघडलं की सगळे फिल्टरकडे बोट दाखवतात आणि दोष बहुधा या पायरीवर सापडतो.

आर्गोपासून सुरुवात करा. जगभरच्या समुद्रांत आर्गोचे सुमारे चार हजार तरंगक आहेत. एक तरंगक एक हजार मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतो, वर येताना तापमान, क्षारता आणि दाब मोजतो आणि पृष्ठभागावरून उपग्रहाला माहिती पाठवतो. फाइल उघडल्यावर हे तपासा:

अ) फाइलचं नाव 'आर'नं सुरू होतं की 'डी'नं. 'आर' म्हणजे ताजी, यंत्रानं तपासलेली. 'डी' म्हणजे नंतर तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेली. रोजच्या अंदाजाला ताजीच लागते. शिकायला 'डी' घ्या.

आ) प्रत्येक मापाशेजारी एक खूण असते. १ म्हणजे चांगलं, २ बहुधा चांगलं, ३ बहुधा वाईट, ४ वाईट, ९ माप नाही. पहिली दोनच घ्या.

इ) एकाच राशीचे दोन रकाने असतात, मूळ आणि 'ॲडजस्टेड'. 'डी' फाइलमध्ये दुसराच वापरायचा.

ई) आर्गो दाब डेसिबारमध्ये देतो, मॉडेलला खोली मीटरमध्ये हवी. वरच्या थरात आकडे जवळपास सारखे दिसतात म्हणून लोक तसेच सोडतात. दोन हजार डेसिबारला वीसेक मीटरचा फरक पडतो.

उ) आर्गो त्या जागेवरचं तापमान देतो, तर बहुतेक मॉडेलं पोटेन्शिअल तापमानात बोलतात, म्हणजे ते पाणी पृष्ठभागावर आणलं तर असेल ते. खोल पाण्यात हा फरक एक-दोन दशांश अंशांचा होतो. रूपांतर जीएसडब्ल्यू करून देते. न करता तुलना केली, तर मॉडेल खोलात थंड आहे असा शोध लागतो, आणि असा शोध लागलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आर्गोचा तापमापक ०.००२ अंशापर्यंत अचूक असतो. मग निरीक्षणाची चूक ०.००२ धरायची का? अजिबात नाही. मॉडेलची एक चौकट कित्येक किलोमीटर रुंद असते आणि तरंगकानं मोजली त्यातली एक उभी रेघ. त्या रेघेवर एखादा छोटा भोवरा असेल तर माप खरंच, पण ते चौकटीचं सरासरी तापमान नव्हे. या चुकीला प्रातिनिधिकतेची चूक म्हणतात, आणि तापमान खोलीबरोबर झपाट्यानं उतरतं त्या थरात ती अर्ध्या अंशावरही जाते. तिसऱ्या पायरीत मी ०.४ धरलं ते यासाठी. ०.००२ भरून बघा: मॉडेल त्या एका रेघेच्या मागे धावेल आणि आजूबाजूचं पाणी विस्कटेल.

उपग्रहाची तापमानं घेताना विचारा, इन्फ्रारेड की मायक्रोवेव्ह? इन्फ्रारेड बारीक बघतं, पण ढगाआडचं त्याला दिसत नाही. आपल्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे कोरे जातात. मायक्रोवेव्ह ढगातून बघतं, पण जाडंभरडं, आणि मुसळधार पावसात तेही नाही. शिवाय वारा पडलेल्या दुपारी वरचा पापुद्रा भलताच तापतो. म्हणून रात्रीची मापं आधी घ्या.

समुद्राची पातळी मोजणारे उपग्रहांवरचे अल्टिमीटर, उदाहरणार्थ २०१३ साली इस्रोनं फ्रान्सबरोबर सोडलेल्या सरल उपग्रहावरचा, हे दीर्घकालीन सरासरीपासूनचा फरक देतात. मॉडेलची पातळी वेगळ्याच पायावरून मोजलेली असते. दोघांचा पाया एक केल्याशिवाय वजाबाकी करू नका. भरती-ओहोटीही त्या मापांतून आधीच काढलेली असते.

६. भाग निवडताना खंभातचा मोह टाळा

बडोदेकराला पहिलं सुचतं ते खंभातचं आखात. घराजवळ आहे, आणि कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराचं मंदिर दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं ते आपण पाहिलेलं असतं. पण नवशिक्यासाठी याहून अवघड जागा सापडणार नाही. आर्गोला खोल पाणी लागतं, ते इथे नाही. अल्टिमीटरच्या संकेतात किनाऱ्याजवळ जमीन मिसळते, आणि आखात चिंचोळं आहे. गढूळ पाणी, सरकते वाळूचे दांडे.

त्यात भरती. भावनगरकडे मोठ्या उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. मुख्य चांद्र भरतीचा कालावधी १२ तास २५ मिनिटं. मध्यापासून पाच मीटर वरखाली होणाऱ्या पाण्याची वेळ मॉडेलनं फक्त वीस मिनिटं चुकवली, तर पाणी सर्वांत वेगानं चढत असताना पातळी सुमारे ८४ सेंटिमीटरनं चुकते. तुमची सगळी दुरुस्ती या वेळेच्या चुकीमागे खर्च होईल.

त्याऐवजी बंगालच्या उपसागराचा मध्य घ्या. तिथे आर्गो आहेत, आणि ९० अंश पूर्व रेखांशावर रामा मालिकेचे नांगरलेले बॉय, म्हणजे एका जागी तरंगत मापं घेणारी यंत्रं, आहेत. विषयही रंगतदार आहे: गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गोड पाण्याचा हलका थर वर पसरतो आणि हिवाळ्यात कधीकधी वरच्यापेक्षा खालचं पाणी गरम असतं. वर्षभर एकच ठरावीक कोव्हेरिअन्स वापरणारी पद्धत इथे गडबडते, त्या दिवसाच्या एन्सेम्बलवरून तो काढणारी सावरते. एक इशारा: इथे तापमान सुधारून क्षारता जुनीच ठेवली, तर जड पाणी हलक्या पाण्यावर बसू शकतं. मॉडेल मग ते जोरात घुसळून टाकतं आणि अंदाज दुरुस्तीआधी होता त्याहून वाईट होतो. दोन्ही एकत्र सुधारा.

७. मोठं मॉडेल न चालवता खरा प्रयोग

रोम्स बसवण्यात पहिले तीन महिने घालवू नका. कोपर्निकसची जागतिक प्रणाली रोज दहा दिवस पुढचा अंदाज देते, १/१२ अंशाच्या चौकटीवर, खोलीच्या ५० पातळ्यांवर. तुमच्या चौकोनाचा आजपासून पाचव्या दिवसाचा अंदाज आजच उतरवून ठेवा. पाच दिवसांनी तिथे वर आलेल्या आर्गोचं माप घ्या आणि तिसऱ्या पायरीचं गणित प्रत्येक खोलीवर करा.

आजच का उतरवायचा? कारण तीच तारीख नंतर मागितली की मिळते ती ॲनालिसिस, आणि तिनं बहुधा तोच आर्गो आधीच पोटात घातलेला असतो. मग फरक छोटा येतो आणि मॉडेल फार छान आहे असं वाटतं. रोज एक फाइल साठवायचं काम संगणकाला लावून द्या. दोन महिन्यांत पुरेसे फरक जमतात.

हे जमल्यावर रोम्स किंवा नेमोकडे वळा. एन्सेम्बलची यंत्रणा स्वतः लिहू नका. डार्ट किंवा जर्मनीत तयार झालेलं पीडाफ वापरा. एवढ्या धावांना घरचा लॅपटॉप पुरणार नाही, तेव्हा संस्थेचा संगणक लागेल.

८. सुधारला का, ते प्रामाणिकपणे मोजा

जी निरीक्षणं मॉडेलला खाऊ घातली त्यांच्यावरच गुण देऊ नका. एखादा रामा बॉय पूर्णपणे बाजूला ठेवा आणि त्यावर तपासा. आलेखात किमान चार रेषा हव्यात: तुमचा अंदाज, निरीक्षणांशिवायची मोकळी धाव, 'आज आहे तसंच राहील' हा भाबडा अंदाज, आणि त्या महिन्याची सरासरी. पहिले दोन दिवस भाबड्या अंदाजाला हरवणं समुद्रात खूप कठीण जातं, कारण समुद्र सावकाश बदलतो. तिथे हरलात तर लपवू नका. पाचव्या-सातव्या दिवशी काय होतं ते दाखवा.

इनोव्हेशनची सरासरी शून्याजवळ आहे का, हेही बघा. ती सतत एकाच बाजूला असेल तर मॉडेलमध्ये कायमचा कल आहे, आणि असिमिलेशन रोज तोच उपसत बसलंय.

९. दार कुठे ठोठवायचं

देशातलं मुख्य ठिकाण हैदराबादचं इंकॉइस, म्हणजे समुद्राची माहिती पुरवणारं सरकारी केंद्र, १९९९ साली सुरू झालेलं. समुद्राचा रोजचा अंदाज आणि भारतीय आर्गोची माहिती तिथूनच येते, आणि त्यांच्याच आवारातल्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात छोटे अभ्यासक्रम होतात. घराजवळचं म्हणाल तर अहमदाबादचं इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर. उपग्रहांच्या मापांवर काम करायचं असेल तर तेच बरं.

अर्जासाठी ही कागदपत्रं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा: ओळखपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, बोनाफाइड, विभागप्रमुखांचं शिफारसपत्र, महाविद्यालयाची हरकत नसल्याचं पत्र, दोन पानांपेक्षा मोठा नसलेला बायोडेटा आणि एका पानाचा प्रस्ताव. शिफारसपत्र सुट्टी लागायच्या आधी घ्या. मे महिन्यात सही करणारे सापडत नाहीत. प्रत्येक सूचनेतल्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचूनच अर्ज भरा.

प्रस्तावात 'मला या विषयाची आवड आहे' हे वाक्य खोडा. त्या जागी सातव्या पायरीतला एक आलेख टाका आणि खाली तीन ओळी लिहा: कोणत्या खोलीवर चूक जास्त आली, ती का आली असं तुम्हाला वाटतं, आणि ते तपासायला तुम्हाला कोणता डेटा हवाय.